‘९५ टक्के प्लेसमेंट’ : पण कितींपैकी किती?

पदवीचे निकाल लागले की आमच्या वस्तीत रंगीत पुस्तिका फिरू लागतात. गुळगुळीत कागद, कोट-टायमधली हसरी मुले आणि वर ठळक अक्षरांत ‘९५ टक्के प्लेसमेंट’, ‘सर्वोच्च पॅकेज १२ लाख’. एमबीए शिकवणाऱ्या संस्थांच्या या पुस्तिका. घरात कोणीतरी पहिल्यांदाच पदवीधर झालेले असते. बाप महापालिकेत, एसटीत नाहीतर कारखान्यात राबून निवृत्तीला आलेला असतो. आकडे पाहून घर हरखून जाते. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तीच पुस्तिका हातोहात फिरते आणि कोणीतरी आम्हाला विचारते, “भाऊ, घ्यावी का ॲडमिशन?”

आम्हीही एकदा असेच ‘घ्या’ म्हणालो होतो. त्याची किंमत आमच्याच घराने मोजली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्याच घरची गोष्ट

२०२१ साली आमच्या पुतण्याने बी.कॉम. नंतर एका खासगी व्यवस्थापन संस्थेत नाव घातले. संस्थेचा माणूस म्हणाला, “सरकारी फेरीची वाट बघू नका, जागा संपतील. मॅनेजमेंट कोट्यातून आजच नक्की करा.” आमचे थोरले बंधू एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांनी फंडातून रक्कम उचलली, वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, उरलेल्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज काढले. पुस्तिकेतले ‘९५ टक्के’ दादांना पाठ झाले होते. शेजारीपाजारी तेच सांगत.

तिसऱ्या सत्रात कंपन्या यायला लागल्या आणि फलकावर सूचना लागली: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्ही ठिकाणी किमान ६० टक्के असणाऱ्यांनीच नाव नोंदवावे. आमच्या पुतण्याला दहावीत ५४ टक्के होते. त्या वर्षी तो पहाटे उठून पेपर टाकायचा. त्या एका ओळीने तो बाहेर पडला. मग एक छापील अर्ज पुढे आला: ‘घरचा व्यवसाय सांभाळायचा असल्याने मी प्लेसमेंटमध्ये भाग घेणार नाही.’ त्यावर त्याची सही घेतली गेली.

“घरचा व्यवसाय कुठला रे आपला?” आम्ही नंतर विचारले.

तो म्हणाला, “काका, सही केल्याशिवाय हॉल तिकीट देत नव्हते.”

२०२३ मध्ये शिक्षण संपले. पुढचे सहा महिने तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून ‘इंटरव्ह्यूला जातो’ म्हणून घराबाहेर पडे. शंभरातली पंचाण्णव मुले नोकरीला लागली आणि आपलाच राहिला, म्हणजे पोरगाच कमी पडला, अशी दादांची समजूत झाली. बापलेकांचे बोलणे बंद झाले. शेवटी एका मित्राच्या ओळखीने त्याला गोदामाच्या हिशेबाची नोकरी मिळाली.

पुढच्या वर्षी नवी पुस्तिका आली. त्याच्या तुकडीचा आकडा: ९५ टक्के! आम्ही त्याला शेजारी बसवून पेन्सिलीने हिशेब मांडला. वर्गात मुले १२०. त्यांपैकी ‘पात्र’ ठरवलेली ६०. नोकरी लागली ५७ जणांना. साठांपैकी ५७ म्हणजे बरोबर ९५ टक्के. एकशेवीसपैकी धरले तर साडेसत्तेचाळीस.

आकडा खोटा नव्हता. आमचा पोरगा त्या आकड्यात धरलेलाच नव्हता. ज्यांना नोकरीची सर्वांत जास्त गरज, तीच मुले आधी गाळणीत अडकतात. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत शिकलेली, काम करत शिकलेली, घरात अभ्यास घेणारे कोणी नसलेली मुले दहावीत ६० टक्क्यांच्या खाली राहिली की दोन वर्षे फी भरूनही हिशेबाबाहेर. त्यांच्याच आईबापांना मात्र तो हिशेब दाखवून प्रवेश दिला जातो.

आकड्यांचे आणखी खेळ

सरासरी पगाराचे उदाहरण घ्या. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला परदेशी कंपनीत ३३ लाख मिळाले. बेरीज ६० लाख, सरासरी ६ लाख. प्रत्यक्षात ६ लाख एकालाही नाहीत. म्हणून सरासरी न विचारता मध्यक विचारावा. सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येतो तो मध्यक. या उदाहरणात तो ३ लाख आहे. घरातल्या दहावीच्या मुलाला विचारा, त्याला हे गणित येते.

दुसरा खेळ ‘पॅकेज’चा. ४ लाख ८० हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला ४० हजार हातात, असे आपण धरतो. पण त्यात टार्गेट पूर्ण केले तरच मिळणारी रक्कम असते, कंपनीने भरायचा फंड असतो, ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ता असतो. हे सारे आणि स्वतःचा फंड वजा जाता २८-३० हजार हाती आले तरी पुष्कळ. आता ५ लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता महिन्याला साधारण साडेआठ हजार बसतो. शिकत असतानाच्या काळाचे व्याज वेगळेच. मुलगा परगावी खोलीभाडे भरत असेल तर घरी काय पाठवणार?

तिसरा खेळ ऑफरींचा. एका हुशार मुलीला तीन कंपन्यांनी बोलावले तर ‘तीन ऑफर’ मोजल्या जातात. १२० ऑफर म्हणजे १२० मुलांना नोकऱ्या नव्हेत. शिवाय नोकरी कसली तेही पाहावे. ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ असे नाव देऊन दारोदार विमा नाहीतर क्रेडिट कार्ड विकायला लावणाऱ्या नोकऱ्या पुष्कळ असतात. काम कोणतेही हलके नाही, पण त्यासाठी एमबीएची फी भरायची का, हे आधी ठरवावे.

जाहिरातीला भुलण्यात सुशिक्षितही मागे नाहीत. आयआयपीएम या संस्थेच्या पानपानभर जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे झळकत होत्या. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संस्थेला ‘एमबीए’, ‘बीबीए’, ‘बी-स्कूल’ असे शब्द वापरण्यास मनाई केली. म्हणून नोकरीचा आकडा नंतर, आधी संस्थेला मान्यता कोणाची ते पाहावे.

खरा आकडा कसा असतो?

सगळेच लपवतात असे नाही. अहमदाबादच्या आयआयएमने पुढाकार घेऊन प्लेसमेंटचा अहवाल कसा लिहावा याचे नियम तयार केले. त्यात एकूण मुले किती, भाग कितींनी घेतला नाही, पगारातला कायमचा भाग किती, एकदाच मिळणारी रक्कम किती, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मध्यक किती, हे वेगवेगळे द्यावे लागते. अहवाल बाहेरच्या संस्थेकडून तपासूनही घेतला जातो. पण हे नियम पाळणे ऐच्छिक आहे.

अमेरिकेतल्या हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेचे उदाहरण तर प्रत्येक बापाने ऐकावे. तिथून २०२४ मध्ये एमबीए होऊन नोकरी शोधणाऱ्यांपैकी २३ टक्के मुलांना तीन महिन्यांनंतरही नोकरी मिळाली नव्हती. २०२२ मध्ये हेच प्रमाण १० टक्के होते. जगातली एवढी नावाजलेली शाळा न लागलेल्यांचा आकडा सांगते, आणि आपल्याकडे गल्लीतली संस्था शंभर टक्के सांगते! बाजार मंदावला की हार्वर्डचा मुलगाही थांबतो. मग आपल्या मुलाला नालायक ठरवण्याआधी थोडे थांबायला हवे.

आपल्याकडे केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती संकेतस्थळावर उघड ठेवावी लागते. किती मुले दाखल झाली, किती वेळेत उत्तीर्ण झाली, कितींना नोकरी लागली, मध्यक पगार किती, सारे एका तक्त्यात असते. माहिती संस्थेनेच भरलेली असते हे खरे, पण पुस्तिकेच्या शेजारी तो तक्ता ठेवला की फरक दिसतो. मुलाच्या मोबाईलवर पाच मिनिटांचे काम आहे.

कापून ठेवा : प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

१. मागच्या वर्षी वर्गात एकूण मुले किती आणि नोकरी लागली किती मुलांना? ‘पात्र’ कितीजण ते नको, एकूण सांगा.

२. कंपनीपुढे बसण्यासाठी दहावी-बारावीच्या गुणांची अट आहे का? आमच्या मुलाचे गुण हे आहेत, तो बसू शकेल का?

३. मध्यक पगार किती आणि त्यातला दरमहा हातात किती?

४. नोकऱ्या कोणत्या कामाच्या? कंपन्यांची नावे लेखी द्याल का?

५. मागच्या तुकडीतल्या चार मुलांशी बोलता येईल का? ती मुले तुम्ही निवडू नका, आम्ही निवडू.

या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नसतील तर जिना उतरून सरळ घरी यावे.

आणखी एक महत्त्वाचे. शिष्यवृत्ती हवी असेल तर सीईटी देऊन सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच जावे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर यातले काही मिळत नाही. आमच्या पुतण्याचे तेच झाले. जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधीच हाती असावा.

कोणी म्हणेल, तुम्ही मुलांना शिकू नका म्हणता. मुळीच नाही. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून उभी आहे. ज्या सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० या काळात अर्थशास्त्र शिकवले, तिथे आज व्यवस्थापनाचेही शिक्षण मिळते. आपल्या मुलींनी, मुलांनी या दारांपर्यंत जावे. सीईटीसाठी एक वर्ष जास्त गेले तरी चालेल, पण दहा वर्षांचे कर्ज डोक्यावर नको.

गेल्या महिन्यात आम्ही तो पेन्सिलीचा हिशेब दादांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून लेकाला हाक मारली, “ये रे, चहा घे.”