विंडोज यंत्रावर माहितीचा कोठारी कसा नेमावा

ज्या घरांत धान्य येतें पण कोठी नाहीं, त्या घरांत उंदीर आधीं जेवतात आणि माणसें मागून. माहितीचेंही तसेंच आहे. शाळा, ग्रंथालय, दवाखाना, पतपेढी, कोणतीही संस्था घ्या; नांवें, तारखा, रकमा आणि गुण यांचा ओघ तिच्याकडे वर्षभर चालूच असतो. प्रारंभीं तो एखाद्या वहींत किंवा संगणकावरील तक्त्याच्या फाइलींत सुखानें राहतो. पुढें तीच फाइल चार जणांच्या संगणकांवर जाते, प्रत्येक जण आपापल्या प्रतींत फेरफार करतो, आणि वर्षाअखेर खरी प्रत कोणती हें सांगणारा कोणीच उरत नाहीं. या अनवस्थेवर उपाय एकच. सर्व माहिती एके ठिकाणीं ठेवावी आणि तिच्यावर एक जबाबदार कोठारी नेमावा. संगणकाच्या परिभाषेंत या कोठाऱ्यास डेटाबेस सर्व्हर म्हणतात. तो साध्या विंडोज यंत्रावर कसा बसवावा व बसविल्यावर त्यास कोणती शिस्त लावावी, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे.

कोठार आणि कोठारी यांतील भेद प्रथम ध्यानांत घेतला पाहिजे. तक्त्याची फाइल हें नुसतें कोठार; दार उघडून कोणीही आंत हात घालावा. डेटाबेस सर्व्हर हा दारांत बसलेला माणूस होय. आपण फाइलींस स्वतः हात लावीत नाहीं. एस्क्यूएल नांवाच्या ठराविक भाषेंत त्याच्याकडे मागणी करतों आणि तो ती पुरवितो. एकाच क्षणीं दहा जणांनीं मागण्या केल्या तरी तो त्यांची सरमिसळ होऊं देत नाहीं. शिवाय त्याचा एक मोठा गुण असा कीं, ज्या नोंदी एकमेकींवर अवलंबून आहेत त्या तो एक तर सर्व करतो, नाहीं तर एकही करीत नाहीं. ग्रंथालयांतून पुस्तक दिलें, तर तें वाचकाच्या खात्यावर चढलें पाहिजे आणि कपाटाच्या यादींतून उतरलें पाहिजे. या दोहोंच्या मध्येंच वीज गेली तर काय होईल? सर्व्हर प्रत्येक फेरफार आधीं रोजकीर्दींत टिपतो आणि मग सवडीनें खतावणींत चढवितो. वीज परत आल्यावर तो कीर्द उघडतो. पुरा झालेला व्यवहार खतावणींत चढला आहे कीं नाहीं हें पाहून नसल्यास चढवितो, आणि अर्धवट राहिलेला जमेस धरीत नाहीं. आपल्या पेढ्यांवरील मुनीम पिढ्यान् पिढ्या कीर्द व खतावणी वेगळी ठेवीत आले, त्यांतलें मर्म हेंच.

माहिती तक्त्यांच्या रूपानें मांडावी, आणि ती डिस्कवर कोठें व कशी ठेविली आहे याची काळजी मागणाऱ्यानें वाहूं नये, हा सिद्धान्त आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं १९७० सालीं एका निबंधांत मांडला. त्या पायावर पुढें अनेक सर्व्हर उभे राहिले. त्यांपैकीं पोस्टग्रेस्क्यूएल हा आपण उदाहरणादाखल घेऊं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८६ सालीं पोस्टग्रेस या नांवानें त्याचें काम सुरू झालें. १९९६ सालीं त्यास आजचें लांब नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं जुनें नांवच राहिलें आहे. तो विनामूल्य मिळतो आणि त्याची मूळ संहिता कोणासही वाचतां येते. विंडोजवर तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला तो जानेवारी २००५ मध्यें, आठव्या आवृत्तीपासून.

बसविण्यापूर्वीं यंत्राची निवड करावी. जो संगणक दिवसभर चालू राहील तोच या कामास योग्य. विंडोजच्या वीजविषयक मांडणींत यंत्र कांहीं वेळानें झोपीं जाण्याची सोय असते, ती बंद करावी. कोठारीच झोपला तर दारावरील मंडळी ताटकळत राहतील. वीज जाणें-येणें नित्याचें असेल तेथें बॅटरीचा आधार द्यावा. आज्ञावली पोस्टग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावरून दाखविलेल्या मार्गानेंच उतरवून घ्यावी. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ति वर्षास एक निघते व प्रत्येकीस पांच वर्षें दुरुस्त्या मिळतात. म्हणून नव्यानें आरंभ करणाऱ्यानें ताजी आवृत्ति घ्यावी हें उत्तम.

उतरविलेली फाइल चालविली म्हणजे ती एकामागून एक प्रश्न विचारूं लागते. पुष्कळ जण न वाचतां पुढें पुढें जातात. पण यांतील प्रत्येक प्रश्नास कारण आहे. पहिला प्रश्न आज्ञावली कोठें ठेवावी हा; येथें सुचविलेली जागा चालते. दुसरा, कोणते भाग हवेत हा. सर्व्हर स्वतः, त्याकडे चित्ररूपानें पाहण्याची पीजी-अ‍ॅडमिन नांवाची खिडकी, आणि लेखी आज्ञा देण्याचीं साधनें, हे तीन भाग घ्यावे. स्टॅक बिल्डर हा चौथा भाग पूरक वस्तू आणण्यासाठीं आहे, तो वगळला तरी अडत नाहीं. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: माहितीचा फोल्डर कोणता? यंत्रांत दुसरी डिस्क असेल तर तो तिच्यावर ठेवावा, म्हणजे विंडोज पुनः बसविण्याची पाळी आली तरी माहितीस धक्का लागणार नाहीं. मात्र जो फोल्डर इंटरनेटवरील साठ्याशीं आपोआप जुळविला जातो, त्यांत ही माहिती कधींही ठेवूं नये. सर्व्हर लिहीत असतां दुसऱ्या कोणीं त्याच फाइली ओढणें घातक आहे. व्हायरस-प्रतिबंधक आज्ञावलीही या फोल्डरांतील फाइली मधूनच अडवून धरूं शकते, म्हणून तिच्या तपासणींतून हा फोल्डर वगळण्याची प्रथा आहे.

चौथा प्रश्न परवलीच्या शब्दाचा. हा शब्द पोस्टग्रेस या नांवाच्या मुख्य वापरकर्त्याचा असून त्यास कोठाराच्या सर्व किल्ल्या असतात. तो लांब असावा व सुरक्षित जागीं लिहून ठेवावा. पांचवा पोर्ट क्रमांकाचा; रूढ क्रमांक ५४३२ हा आहे. एकाच यंत्रावर दुसरा पोस्टग्रेस आधींच नांदत असेल तरच तो बदलावा लागतो. शेवटचा प्रश्न भाषा व प्रदेश यांविषयीं. यानंतर कांहीं मिनिटांत काम पुरें होतें, आणि विंडोजच्या सर्व्हिस-यादींत पोस्टग्रेसचें नांव दिसूं लागतें. यंत्र सुरू होतांच, कोणीं आपलें नांव घालून आंत येण्याची वाट न पाहतां, तो कामास लागतो. तो मालकाच्या अधिकारानें चालत नाहीं, तर नेटवर्क सर्व्हिस या मर्यादित अधिकाराच्या खात्यावर चालतो. कारण कोठाऱ्यास कोणीं फसविलें तरी सबंध वाडा त्याच्या हातीं जाऊं नये.

मराठी वाचकांनीं येथें एक गोष्ट तपासावी. ‘शो सर्व्हर_एन्कोडिंग’ ही आज्ञा दिली असतां उत्तर यूटीएफ-८ असें आलें पाहिजे. या पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापतें आणि निर्वेधपणें साठविलें जातें. इतकें असूनही विंडोजच्या काळ्या खिडकींत नांवांच्या जागीं प्रश्नचिन्हें उमटलीं, तर माहिती बिघडली असें समजून घाबरूं नये. बहुधा त्या खिडकीची अक्षरतालिका जुनी असते. ती ६५००१ या क्रमांकावर आणावी, किंवा पीजी-अ‍ॅडमिनमधून पाहावें. मराठी वर्णानुक्रमानें यादी लावावयाची असल्यास २०१७ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू नांवाच्या नियमसंग्रहाचें साहाय्य घेतां येतें.

आतां दारांकडे वळूं. या कोठारास एकामागें एक अशीं तीन दारें आहेत. सर्वांत बाहेरचें दार विंडोजच्या फायरवॉलचें. बाहेरून येणारी हांक तें सहसा अडविते. दुसरें दार पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ या फाइलींतील लिसन_अ‍ॅड्रेसेस या ओळींत आहे. सर्व्हरनें कोणत्या पत्त्यांवर कान द्यावा हें ती ठरविते. विंडोजच्या या बसवणींत तेथें तारकाचिन्ह असतें, म्हणजे कान सर्व बाजूंस उघडे असतात. तिसरें दार पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलींत आहे. कोणीं, कोठून, कोणत्या कोठारांत आणि कोणती ओळख पटवून यावें, याचा एकेका ओळींत हुकूम तेथें लिहिलेला असतो. प्रारंभीं तेथें फक्त त्याच यंत्रावरून, म्हणजे १२७.०.०.१ या पत्त्यावरून, येण्यास परवानगी असते. ओळी वरून खालीं वाचल्या जातात आणि जी प्रथम जुळेल तीच लागू होते. खालच्या ओळीकडे मग सर्व्हर पाहत नाहीं. म्हणून ओळींचा क्रम विचारपूर्वक लावावा.

ग्रंथपालाच्या खोलींतील दुसऱ्या संगणकास प्रवेश द्यावयाचा असेल, तर फायरवॉलमध्यें ५४३२ हा पोर्ट केवळ त्या एका पत्त्यासाठीं मोकळा करावा, आणि पीजी_एचबीए.कॉन्फमध्यें त्याच पत्त्याची एक ओळ घालावी. ओळखीची पद्धत स्क्रॅम-शा-२५६ ही ठेवावी. २०२१ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून परवलीचे शब्द साठविण्याची तीच रूढ पद्धत आहे. ट्रस्ट ही पद्धत म्हणजे कोणासही न विचारतां आंत सोडणें होय; ती ठेवूं नये. विंडोजवर या फाइलींतील बदल पुढच्या नव्या जोडणीपासून तत्काळ लागू होतो. लिसन_अ‍ॅड्रेसेसमध्यें बदल केला तर मात्र सर्व्हर बंद करून पुनः सुरू करावा लागतो.

दारें उघडीं राहिल्यास काय होतें, हें जगानें २५ जानेवारी २००३ रोजीं पाहिलें. त्या दिवशीं मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमधील एका दोषाचा फायदा घेऊन स्लॅमर नांवाचा कीटक पसरला. सुमारें दहा मिनिटांत त्यानें बळी पडण्याजोग्या बहुतेक यंत्रांस गांठलें आणि ७५,००० हून अधिक यंत्रें ग्रासलीं. या दोषावरील दुरुस्ती जुलै २००२ मध्येंच निघाली होती. ती लावून घेण्याचें राहून गेलें होतें. दार मिटणें आणि दुरुस्ती वेळेवर लावणें, हीं दोन कामें टाळण्याजोगीं नाहींत.

दारांनंतर किल्ल्या. मुख्य वापरकर्त्याचें नांव रोजच्या कामास वापरूं नये. ग्रंथालयासाठीं वेगळें कोठार आणि त्याचा वेगळा धनी निर्माण करावा. ज्यास केवळ यादी पाहावयाची आहे त्यास केवळ वाचण्याचाच अधिकार द्यावा. स्मरणशक्तीच्या बाबतींत आरंभींची मांडणी काटकसरीची असते: शेअर्ड_बफर्स या नांवाखालीं १२८ मेगाबाइट दिलेले असतात. यंत्र केवळ याच कामास वाहिलेलें असेल तर त्याच्या एकूण स्मृतीचा चौथा हिस्सा देऊन पाहावा, असें जाणते सांगतात. माहितीच्या फोल्डरांत पीजी_वॉल नांवाचा उपफोल्डर वाढलेला दिसला तरी त्यांतील एकही फाइल हातानें पुसूं नये. तीच मघाशीं सांगितलेली रोजकीर्द होय. तिचें पूर्वीचें नांव पाहून लोक ती निरुपयोगी नोंद समजत व पुसून टाकीत. म्हणूनच दहाव्या आवृत्तींत तें नांव बदलण्यांत आलें.

इतकें सारें केल्यावरही कोठार सुरक्षित झालें असें म्हणतां येत नाहीं. कारण डिस्क ही एक दिवस मोडणारच. सर्व्हर चालू असतां माहितीचा फोल्डर नुसता उचलून दुसरीकडे नकलणें उपयोगाचें नाहीं. ती नकल अर्ध्या वाक्यावर तुटलेल्या पत्रासारखी होते. त्यासाठीं पीजी_डंप हें साधन आहे. काम चालू असतांही तें एका ठराविक क्षणाची सुसंगत प्रत काढतें. मात्र वापरकर्त्यांचीं नांवें व परवलीचे शब्द त्या प्रतींत येत नाहींत; तीं पीजी_डंपऑलनें वेगळीं घ्यावीं लागतात. विंडोजच्या टास्क शेड्यूलरकडे हें काम सोपवावें, म्हणजे रोज रात्रीं तें आपोआप होईल. आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर ठेवावी.

पण प्रत काढणें आणि प्रत असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या प्रसिद्ध कंपनीच्या एका तंत्रज्ञानें श्रमाच्या भरांत भलत्याच यंत्रावरील पोस्टग्रेसचा माहिती-फोल्डर पुसला. चूक ध्यानीं येईपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं जेमतेम साडेचार उरले होते. कंपनीनें प्रती राखण्याच्या पांच योजना केल्या होत्या. त्यांतील एकही धड चालत नव्हती. पीजी_डंप जुन्या आवृत्तीचा होता आणि सर्व्हर नव्या आवृत्तीचा. जुन्या साधनास नव्या सर्व्हरची प्रत काढतां येत नाहीं, म्हणून तें रोज अपयशी होत होतें. अपयशाची सूचना देणारीं पत्रेंही वाटेंतच नाकारलीं जात होतीं, त्यामुळें कोणास कांहीं कळलें नाहीं. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेली एक प्रत सांपडली. मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीनें ही सर्व हकीकत स्वतः जगापुढें मांडली, हें तिला भूषणावह आहे.

यांतून घेण्याचा नियम सोपा आहे. दर महिन्यास एकदां शेवटची प्रत घेऊन ती दुसऱ्या यंत्रावर, रिकाम्या कोठारांत, प्रत्यक्ष उतरवून पाहावी. पुस्तकें किती, वाचक किती, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हें मूळ कोठाराशीं ताडून पाहावें. आंकडे जुळले तरच आपल्याजवळ प्रत आहे असें म्हणावें. सर्व्हर बसविण्यास पाव तास पुरतो, आणि त्यांत फारसें कौशल्यही नाहीं. परंतु ज्यांचीं नांवें, गुण आणि पैसे आपण आंत घेतले, त्यांनीं ते आपल्यापाशीं ठेव म्हणून ठेविले आहेत. ठेव स्वीकारणें सोपें असतें. मागितल्या दिवशीं ती जशीच्या तशी परत देतां येणें, यांतच कोठाऱ्याची आणि त्याला नेमणाऱ्याची खरी परीक्षा आहे.