छोट्या ऑफिसातला नेटवर्क स्विच: समज आणि वस्तुस्थिती

आठ पोर्टांच्या स्विचला आठ संगणक जोडले की नेटवर्कचा वेग आठांत वाटला जातो, ही समजूत हबच्या काळातली आहे. हब आलेला प्रत्येक संदेश सगळ्या पोर्टांवर पाठवायचा आणि एका वेळी एकाच यंत्राला बोलता यायचे. स्विच मात्र कोणत्या यंत्राचा मॅक पत्ता कोणत्या पोर्टवर आहे याची नोंद ठेवतो आणि डेटा नेमक्या त्याच पोर्टवर सोडतो. त्यामुळे एका टेबलावरून सर्व्हरवर बॅकअप चालू असतानाही शेजारच्याची फाइल प्रिंटरवर विनासायास जाते. वाटला जातो तो इंटरनेटचा वेग, कारण बाहेर जाणारी लाइन एकच असते. लाइन १०० एमबीपीएसची असेल तर गिगाबिट स्विच बसवून इंटरनेट वाढत नाही, ऑफिसातल्या ऑफिसात फाइली तेवढ्या झपाट्याने हलतात.

साध्या, अनमॅनेज्ड स्विचला सेटिंग असे नसतेच. आयपी पत्ते वाटण्याचे काम राउटरमधल्या डीएचसीपीचे. स्विच त्यात पडत नाही. खरी फसगत होते ती जुना वायफाय राउटर स्विच म्हणून वापरताना. त्याचा डीएचसीपी चालू राहिला, तर एकाच नेटवर्कात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि काही संगणकांचे इंटरनेट अधूनमधून गायब होते. तो डीएचसीपी बंद करावा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी. दोन स्विच जोडायला क्रॉस केबल किंवा खास अपलिंक पोर्ट लागतो, हेही आता जुने झाले. आजचे गिगाबिट पोर्ट केबल सरळ की क्रॉस हे स्वतःच ओळखतात.

नेटवर्क मंद झाले की स्विच बदलला जातो. दोष बहुधा केबलमध्ये असतो. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. खुर्चीच्या चाकाखाली एक तार तुटली, तरी जोडणी अनेकदा बंद न पडता गुपचूप १००वर येते. पोर्टच्या दिव्याचा रंग ते सांगतो. कोणता रंग कशाचा, हे कंपनीगणिक बदलते, म्हणून स्विचवरचा मजकूर वाचावा.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असला की झाले, हा क्रिम्पिंग करणाऱ्यांचा लाडका समज. क्रम सारखा हवाच, पण तोही ठरलेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळातली असावी लागते. हिरव्याशेजारी हिरवा, निळ्याशेजारी निळा असा दिसायला नीटनेटका क्रम लावला, तर ती जोडी फुटते. स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, आणि केबल तरीही वेग देत नाही. गिगाबिटसाठी कॅट ५ई पुरेशी आहे, मात्र तार शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त तार टाळावी. लांबीची मर्यादा पॅचकॉर्ड धरून १०० मीटर.

दोन स्विचमध्ये दोन केबली टाकल्या की वेग दुप्पट होतो, हा समज सर्वांत महागात पडतो. साध्या स्विचमध्ये त्याने लूप तयार होतो. साफसफाई करताना मोकळे दिसलेले टोक कोणी त्याच स्विचमध्ये खोचले, तरी तेच घडते. इथरनेटच्या संदेशाला वयोमर्यादा नसते. सर्वांसाठीचा एक संदेश फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे दिवे एकदम लुकलुकत ऑफिस ठप्प होते. स्विच बंद-चालू केल्याने लूप जात नाही, केबल उपटावीच लागते. मॅनेज्ड स्विचमधला स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल असा जादा मार्ग ओळखून अडवतो. दोन केबली एकत्र वापरायच्याच असतील, तर दोन्ही स्विचमध्ये लिंक ॲग्रिगेशन आधी सेट करावे लागते.

नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचला लॅपटॉप लावला तर जळेल, ही भीती बहुतांशी निराधार आहे. ८०२.३एएफ किंवा एटी मानकाचा स्विच समोरचे यंत्र वीज मागणारे आहे का, हे तपासूनच वीज सोडतो. मानकात न बसणारे, थेट २४ व्होल्ट सोडणारे पॅसिव्ह पीओई अडॅप्टर मात्र जपून वापरावेत. ‘प्रति पोर्ट ३० वॅट’ म्हणजे सगळ्या पोर्टांवर एकाच वेळी ३० असेही नाही. एकूण ६० वॅटच्या स्विचवर तसे दोनच पोर्ट चालतात, म्हणून कॅमेरे मोजण्याआधी डब्यावरचा एकूण आकडा पाहावा. राउटर यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर ठेवला, तर वीज जाताच पीओईवरचे कॅमेरे आणि फोन बंद पडतात.