ऐन वेळचे हसू

रात्री साडेनऊच्या सुमारास मोशीतील एखाद्या मोठ्या इमारतीचा जिना चढत गेले, तर एक गंमत ध्यानात येते. पहिल्या मजल्यावरचे बिऱ्हाड सोलापूरकडचे, दुसऱ्यावरचे जळगावचे, तिसऱ्यावरचे यवतमाळचे. १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलेल्या या गावात चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या ओढीने महाराष्ट्रभरची माणसे येऊन राहिली आहेत. त्यांची बोली निराळी, भाजीतला मसाला निराळा. पण बंद दारांआडून येणारे हसू मात्र एकच. आत दूरचित्रवाणीवर विनोदाचा कार्यक्रम चालू असतो. हे हसू नेमके कशाला येते, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्हांला वाटते.

आम्ही घरच्या मंडळींबरोबर असे कार्यक्रम पाहतो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. बेतून आणलेल्या विनोदाला मंडळी हसतात हे खरे. पण हसण्याचा मोठा स्फोट होतो तो नट कुठेतरी अडखळतो तेव्हा. हातातली वस्तू निसटते, मिशी सुटते, समोरचा भलतेच वाक्य टाकतो. आता हा काय करणार, म्हणून आपण क्षणभर श्वास रोखतो आणि तेवढ्यात त्याला असे काही सुचते की सारे घर दणाणते. आपल्या नाटकवाल्यांनी याला सुटसुटीत शब्द दिला आहे : ‘ॲडिशन घेणे’. संहितेत नसलेले, पदरचे, ऐन वेळी सुचलेले असे ते वाक्य. त्यातला आनंद केवळ शब्दांचा नसतो. माणूस पेचात सापडला आणि आपल्या डोळ्यांदेखत सुटला, याचा तो आनंद असतो.

ही कला आपल्याला दूरचित्रवाणीने शिकवली असे कोणी समजू नये. मोशीवरून जाणारा नाशिक रस्ता धरून उत्तरेस गेले की नारायणगाव लागते. तेथे गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावची यात्रा कमिटीची माणसे सुपारी द्यायला येतात. तमाशातील गवळणीत मावशी आणि कृष्ण यांची जी हुज्जत चालते, किंवा बतावणीत सोंगाड्या जी उत्तरे देतो, ती रोज तीच नसतात. कथेचा सांगाडा ठरलेला, मांस मात्र त्या रात्री त्या गावात भरायचे. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगातील हवालदारांच्या जोडीने महाराष्ट्राला हसवले, ते याच परंपरेतून. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली रंगभूमीवर आले, तेव्हा दादा कोंडके यांनी त्यात ताज्या घडामोडींवर पदरची वाक्ये अशी पेरली की एकदा पाहिलेले लोक पुन्हा तिकीट काढू लागले. नाटक तेच, पण आजचा प्रयोग कालचा नव्हे!

हे साधते कसे? नुसत्या हजरजबाबीपणाने साधत नाही. समजा, एक नट काठी घेऊन आला आणि म्हणाला, “पाहुणं, घोडा आणलाय.” दुसरा म्हणाला, “अहो, ही तर काठी!” की खेळ खुंटला. पण दुसरा जर म्हणाला, “आणलात ते बरं केलंत, पण याला चंदी घालू की तेल चोळू?” तर घोडा उभा राहिला आणि खेळ पुढे धावला. सोबत्याचे म्हणणे नाकारायचे नाही. ते पत्करून त्यात भर घालायची. अमेरिकेत व्हायोला स्पोलिन या बाईंनी अशा खेळांची शिस्त बसवली आणि १९६३ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. १९८८ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘हूज लाइन इज इट एनीवे’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पायाही हाच. आमच्या सोंगाड्याने ग्रंथ लिहिला नाही. परंतु नियम तो जाणून होता.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि ‘गजरा’सारख्या कार्यक्रमांनी विनोद घरात आणला. पुढे २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ साली ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली. या कार्यक्रमांतील प्रहसने लिहिलेली असतात, त्यांच्या तालमी होतात. कॅमेऱ्यापुढे चुकले तर पुन्हा करता येते, नको ते कापता येते. म्हणजे ज्या धोक्यामुळे गंमत येते तो धोकाच येथे कमी. असे असूनही नटाला स्वतःलाच हसू आवरेना झाले, तर तो तुकडा पुष्कळदा कापत नाहीत, मुद्दाम दाखवतात. कारण प्रेक्षकाला ऐन वेळेचा तो पुरावा हवा असतो. शिवाय कॅमेरा डोळ्यांजवळ जातो. मागच्या रांगेतल्या माणसाला फडात कधी न दिसलेली नटाची तारांबळ घरबसल्या दिसते. हा लाभ लहान नाही.

पण एक गोष्ट मात्र हातची जाते. सोंगाड्या प्रयोगाआधी गावात चौकशी करी. पाटील कोण, सरपंच कोण, कुणाचा बैल उधळला. मग रात्री ते नाव बतावणीत येई आणि ज्याची थट्टा झाली तोच सर्वांत मोठ्याने हसे. थट्टा ओळखीवाचून होत नाही. पडद्यावरच्या नटाला आमचे नाव ठाऊक नाही. आणि आमच्या इमारतीत शेजाऱ्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसते. चार बंद दारांआडची चार हसणी मिळून प्रेक्षक होत नाही. आपल्यावर झालेला विनोद हसून पचवण्याची जी सवय यात्रेच्या मांडवात लागत होती, ती पडद्यासमोर लागणार नाही.

म्हणून पडदा बंद करा असे आमचे म्हणणे नाही. तो पाहावा आणि पोटभर हसावे. मात्र यात्रेत फड उतरला तर तिकीट काढून जावे. त्या टाळीवर काही कुटुंबांची चूल पेटते. आणि गणेशोत्सवात इमारतीच्या पटांगणात मुले नाटुकले करतील, तेव्हा खाली उतरून बसावे. त्यांतले एखादे पोर वाक्य विसरेल, दुसरे काहीतरी भलतेच बोलून त्याला सावरेल आणि सोलापूर, जळगाव, यवतमाळ एकाच सतरंजीवर हसतील. त्या हसण्यानंतर जिन्यात भेटलेल्या माणसाचे नाव विचारायला अवघड वाटणार नाही.