उतारावर इंजिनाचा लगाम
अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या आय-७० महामार्गावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आयझेनहॉवर बोगदा आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार लागतो. मागे चार-पाच टनांचा ट्रेलर असेल, तर पाय ब्रेकवरून निघतच नाही. मग ब्रेक तापतात, करपल्याचा वास येतो आणि पकड सुटते.

पेट्रोल इंजिन ॲक्सिलरेटर सोडताच गाडीला मागे ओढतं. डिझेल इंजिनात मात्र हवा अडवणारी झडप सहसा नसते; दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून पिस्टनला जवळजवळ तितकीच खाली ढकलते. म्हणून टर्बोच्या पुढे धुराच्या नळीत एक झडप बसवतात; हाच एक्झॉस्ट ब्रेक. ती मिटली की पिस्टनला कोंडलेल्या दाबाविरुद्ध झटावं लागतं आणि चाकं मंदावतात. २००७ पासूनच्या ६.७ लिटर कमिन्स इंजिनात टर्बोची पातीच हे काम करतात.

जुन्या ५.९ लिटर कमिन्सवर असा एक्झॉस्ट ब्रेक चढवताना आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंग पाहाव्यात. त्या नरम असल्या, तर कोंडलेला दाब व्हॉल्व्हच उघडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर लॉक व्हायलाच हवा. स्प्रिंग आणि लॉकच्या खर्चात काटकसर करू नये. बर्फावर मात्र हा ब्रेक बंदच ठेवावा, कारण त्याचा जोर फक्त इंजिनाला जोडलेल्या चाकांवर येतो.