विमापत्रातील अटी कोणासाठी?

कोरीट येथील एक शिक्षकमित्र काही वर्षांपूर्वी हाती एक कागद घेऊन माझ्याकडे आले. बँकेचे कर्ज काढून बांधलेल्या त्यांच्या घराला आग लागून ४ लाखांचे नुकसान झाले होते. विम्याचा हप्ता नियमित भरलेला होता; तरी हाती आले २ लाख. कारण एवढेच की, घराची किंमत २० लाख असताना विमा उतरविला होता कर्जाच्या रकमेइतका, म्हणजे १० लाखांचा. निम्म्याच किमतीचा विमा असल्यास निम्मेच नुकसान भरून मिळावयाचे, असे सरासरीचे कलम विमापत्रात होते. ते विमापत्र बँकेच्या कपाटात होते. मित्रांनी ते प्रथम पाहिले, ते आगीनंतर!

यात कोणी कायदा मोडला नव्हता. तरीही या व्यवहारास न्याय्य म्हणावयास मन धजत नाही.

नंदुरबारच्या बाजारात मिरची घेणारा व्यापारी ती हातात घेऊन पारखतो. विमा ही मात्र वचनाची खरेदी आहे. तिची पारख होते ती संकट कोसळल्यावर. म्हणून विकणाऱ्याने सारे आधी सांगणे येथे अत्यावश्यक ठरते. परम सद्भाव हा विमाकराराचा पाया असून तो उभय पक्षांस बंधनकारक आहे, असे इंग्लंडात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ सालीच सांगितले. व्यवहारात मात्र सद्भावाची परीक्षा बहुधा विमेदाराचीच घेतली गेली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही दुसरी बाजू सावरली आहे. ग्राहकास न कळविलेल्या अपवादाचा आधार कंपनीला घेता येणार नाही, असे २००० साली मॉडर्न इन्सुलेटर्स प्रकरणात ठरले. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागलेले टेक्स्को मार्केटिंगचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. दुकान तळघरात, जागेची पाहणी करून कंपनीने हप्ता घेतलेला, आणि आग लागल्यावर तळघरास संरक्षण नाही, हे कलम पुढे केलेले! न्यायालयाने ते कलम अन्याय्य ठरविले.

परंतु दिल्लीपर्यंत किती विमेदार जाणार? सामान्य माणसाचे रक्षण नियमांनीच व्हावयास हवे. त्या दिशेने काही पावले पडली आहेत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ ही ठराविक अटींची पॉलिसी आणली. तीत सरासरीचे कलम लावले जात नाही. घराबरोबर सामानासही, तपशील न देता, इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत व कमाल १० लाखांचे संरक्षण मिळते. जून २०२४ मध्ये, विम्यात काय समाविष्ट, काय वगळलेले आणि दावा कसा करावयाचा, हे सोप्या शब्दांत सांगणारे माहितीपत्रक ग्राहकास देण्याचा दंडकही आला.

हे स्वागतार्ह असले तरी पुरेसे नाही. विम्याची कागदपत्रे घटनामान्य भाषांत ‘देता येतील’, असे २००२ च्या नियमांत म्हटले होते. ‘देता येतील’ आणि ‘द्यावीच लागतील’ यांतील अंतर खेड्यातल्या विमेदारास विचारावे. आरोग्यविम्याचे माहितीपत्रक मागणी केल्यास स्थानिक भाषेत द्यावे, असा नियम १ जानेवारी २०२४ पासून आहे. पण मागता येते हेच ज्यास ठाऊक नाही, तो मागणार कसा?

म्हणून मालमत्तेच्या विम्यात तीन गोष्टी सक्तीच्या व्हाव्यात. माहितीपत्रक न मागता मराठीत मिळावे. ते सही घेण्यापूर्वी मिळावे. आणि कर्जावरील घराचा विमा असेल, तर ते बँकेबरोबर कर्जदाराच्याही हाती पडावे. याने खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. पण एका पानाच्या छपाईचा खर्च आणि एका कुटुंबाची बुडालेली भरपाई यांची तुलनाच होऊ शकत नाही.

तोपर्यंत वाचकांनी आपापले विमापत्र बाहेर काढून वाचावे. बँकेत काम करणाऱ्या वाचकांनी तर समोरच्या कर्जदारासही ते वाचून दाखवावे. कोरीटच्या मित्राला असे कोणी भेटले असते, तर विमा पुऱ्या किमतीचा उतरविला गेला असता.