नोकरी सांभाळून फ्रँचायझी: सही करण्याआधी घरात हा हिशेब मांडा

तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीजवळ डोंगरी बुजुर्गची मॅंगनीज खाण आहे. या भागात ज्या घरात कुणी खाणीत, शाळेत किंवा दवाखान्यात पगारावर आहे, त्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: पगार पुरत नाही, मग जोडीला एखादी फ्रँचायझी घ्यावी का? मोबाईलवर जाहिरात येते, "दुकान आपोआप चालेल, तुम्ही फक्त मालक." इथेच जरा थांबा. दुकान आपोआप चालत नाही. तुम्ही कामावर असाल तेव्हा गल्ल्यावर कुणीतरी बसावं लागतं, आणि त्याची मजुरी हिशेबात धरली नाही तर नफा फक्त कागदावर दिसतो.

आधी नोकरीचे नियम बघा

राज्य सरकारी नोकरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. त्यातील नियम १६ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. "बायकोच्या नावावर घेऊ" हा उपायही वाटतो तितका सोपा नाही. कुटुंबातील कुणी धंदा करत असेल तर ते कार्यालयाला कळवावं लागतं. घरच्यांच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसाठी स्वतः गिऱ्हाईक गोळा करणं हाही नियमभंग ठरतो. कंपनीत किंवा खाणीत असाल तर तिथले स्थायी आदेश आणि नेमणूकपत्र वाचा. परवानगी तोंडी नको, लेखी घ्या.

काही फ्रँचायझींचीही अट असते. टपाल खात्याच्या २०१९ च्या योजनेत आठवी पास व्यक्तीला ५,००० रुपये अनामत भरून फ्रँचायझी मागता येत होती. पण टपाल कर्मचाऱ्याच्या घरच्यांना, तो ज्या विभागात काम करतो त्याच विभागात ती मिळत नव्हती.

आता हिशेब

अमूलचं उदाहरण घेऊ. कंपनीने जाहीर केलेल्या माहितीप्रमाणे छोट्या दुकानाला १०० ते १५० चौरस फूट जागा आणि साधारण २ लाख रुपये लागतात. त्यातले २५,००० ब्रँड सिक्युरिटी म्हणून, परत न मिळणारे. रॉयल्टी नाही. छापील किमतीवर कमिशन पिशवीच्या दुधावर अडीच टक्के, इतर दुग्धपदार्थांवर १० टक्के, आइस्क्रीमवर २० टक्के. हे आकडे बदलू शकतात, सहीआधी ताजे विचारून घ्या.

समजा, गावात रोज ४,००० रुपयांचं दूध, १,५०० चे दही-तूप-लोणी आणि ५०० चं आइस्क्रीम विकलं. कमिशन झालं १०० अधिक १५० अधिक १००, म्हणजे रोजचे ३५०. महिन्याचे १०,५००. आता खर्च धरा: भाडं २,०००, फ्रीजर-फ्रीजची वीज २,५००, बसणाऱ्या मुलाला ६,०००. बेरीज १०,५००. हातात शून्य! नासलेलं दूध आणि थंडीत पडलेली आइस्क्रीमची विक्री तर अजून धरलेलीच नाही.

मुलाच्या जागी अम्मी किंवा भाऊ बसला तर ते ६,००० घरात राहतात, हे खरं. पण तो नफा नव्हे, ती त्यांची मजुरी आहे. त्यांना ती द्या, निदान वहीत तरी लिहा.

नाव कुणाचं, पैसा कुणाचा

दुकान पत्नीच्या नावावर असेल तर करारावर सही तिची, बँक खातं तिचं आणि देणं थकलं तर नोटीसही तिलाच. म्हणून करार तिला वाचून दाखवा, समजावून सांगा. तिचे दागिने मोडायचे ठरले तर ते तिच्या राजीने. शरीयतमध्येही तिची मालमत्ता तिचीच आहे.

व्याजाचं कर्ज टाळायचं असेल तर भागीदारीचा मार्ग आहे: एकाचे पैसे, दुसऱ्याची मेहनत, नफ्यात ठरलेला वाटा. याला मुदारबत म्हणतात. यात मेहनत करणाऱ्याचा निष्काळजीपणा नसेल तर पैशाचा तोटा पैसे घालणारा सोसतो, दुसऱ्याची मेहनत वाया जाते. दरमहा ठराविक रक्कम बांधून घेतली तर ती मुदारबत राहत नाही. सख्ख्या भावांमध्येही हे स्टॅम्प पेपरवर लिहा.

कागद आणि फसवणूक

केवळ मालाच्या विक्रीसाठी राज्यात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. खाण्याच्या वस्तूंना फूड लायसन्स किंवा नोंदणी लागतेच. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. दुकान तुमच्या नावावर असेल तर आयकर विवरणात पगारासोबत हे उत्पन्नही दाखवा.

मोठ्या ब्रँडच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात. "आजच नोंदणी फी भरा, नाहीतर जागा जाईल" असा फोन आला तर पैसे पाठवू नका. कंपनीच्या अधिकृत कार्यालयात विचारा, जवळच्या चालू दुकानदाराला भेटा आणि त्याला एकच प्रश्न करा: "भाऊ, मजुरी धरून महिन्याला हातात किती राहतात?"

उत्तर ऐकून घरी या, वही काढा, आणि जो रोज गल्ल्यावर बसणार आहे त्याच्यासमोर हिशेब मांडा. त्याचा होकार असेल तरच सही करा.