सापासारखे सरपटणारे रेणू

पिएर-जिल द जेन (१९३२–२००७) हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ चुंबकत्व, अतिवाहकता, लिक्विड क्रिस्टल अशी वळणं घेत बहुवारिकांकडे, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंकडे (पॉलिमर), आले. वितळलेल्या प्लास्टिकमधला लांबलचक रेणू शेजाऱ्यांच्या गुंत्यात अडकतो. बाजूला सरकायला जागाच नाही; मग तो आपल्याच लांबीच्या वाटेने सापासारखा सरपटतो, असं त्यांनी १९७१मध्ये मांडलं. साखळी दुप्पट लांब, तर सुटकेला आठपट वेळ. (प्रयोगात याहून थोडा जास्तच लागतो.) १९९१चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. नोबेल व्याख्यानात उदाहरण कुठलं, तर अ‍ॅमेझॉनच्या आदिवासींनी पायाला चोपडलेल्या रबराच्या चिकाचं! दोनशेंपैकी जेमतेम एका कार्बन अणूची ऑक्सिजनशी क्रिया होते आणि चिकाचा बूट बनतो. नोबेलनंतर ते फ्रान्सभर शाळाशाळांतून मुलांशी बोलत फिरले.